कुत्र्याचा बंदोबस्त

पोलीस खात्यातल्या माझ्या नोकरीत मी यात्रांना, मोर्चांना, निवडणुकांना आणि मंत्र्यांच्या दौऱ्यांना बंदोबस्त दिला. पण सगळ्यांत अवघड बंदोबस्त मी दिला तो उत्रोलीतल्या एका कुत्र्याला. लोक ठाण्यात येऊन म्हणायचे, "मॅडम, त्या कुत्र्याचा काहीतरी बंदोबस्त करा." त्यांना अभिप्रेत असलेला बंदोबस्त वेगळा आणि मी केला तो वेगळा. सहायक फौजदार म्हणून निवृत्त होताना माझ्या निरोप समारंभात साहेबांनी माझ्या दोन-तीन मोठ्या तपासांचा उल्लेख केला, या बंदोबस्ताचा केला नाही. म्हणून तो मीच लिहिते.

आधी थोडं धंद्याचं सांगते. कुत्रं चावल्याची तक्रार घेऊन माणूस आला की त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी मी विचारायची, "साबणानं धुतलं का?" निम्म्या लोकांनी धुतलेलं नसायचं. कुणी चुना भरलेला असायचा, कुणी तिखट, एकानं तर कॉफीची पूड दाबून वर फडकं बांधलं होतं. त्यांना मी सरळ ठाण्याच्या मागच्या नळावर न्यायची, वाहत्या पाण्याखाली जखम धुवायला लावायची आणि दवाखान्यात पिटाळायची. फिर्याद नंतरही घेता येते. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा डोक्यात गेला की मग जगातल्या कुठल्याच डॉक्टरचा इलाज चालत नाही.

दुसरा प्रश्न असायचा, "कुत्रं कुणाचं?" रस्त्यावरचं असेल तर पोलीस त्याला मारू शकत नाहीत, गावकरीही नाहीत, ग्रामपंचायतही नाही. त्याची नसबंदी करून, लस टोचून त्याला परत त्याच जागी सोडायचं असतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू त्या कुत्र्याची मी वकील आहे. पाळलेलं असेल तर मात्र मालकावर गुन्हा होतो. पूर्वी दोनशे एकोणनव्वद कलम होतं, आता नव्या कायद्यात दोनशे एक्क्याण्णव आहे. मजकूर साधारण तोच: ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्यानं त्याच्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर शिक्षा. कलम छोटं आहे, शिक्षाही मोठी नाही. पण 'ताबा' हा शब्द वाटतो तेवढा सोपा नाही.

गिऱ्हाइकं एकेक असायची. भोर शहरातले एक बँकेतले अधिकारी शेजारणीच्या पांढऱ्या झुपकेदार कुत्र्यानं चावा घेतला म्हणून आले. शेजारीण म्हणाली, चावा पायाला नाही, पायजम्याला घेतला. शेवटी पायजमाच मुद्देमाल म्हणून जप्त करावा लागला आणि पंचांना तो बघून पंचनाम्यावर सही करताना हसू आवरेना. वेल्ह्याकडचे एक शेतकरी तर कोंबड्या मारणारं कुत्रं सुंभानं बांधून थेट ठाण्यात घेऊन आले आणि म्हणाले, "आरोपी आणलाय." आरोपी टेबलाखाली जाऊन झोपला. दुपारी उठल्यावर त्यानं आमच्या हवालदाराच्या डब्यातली चपाती खाल्ली आणि तो गुन्हाही त्याच्या नावावर जमा झाला.

हसण्यासारखं नव्हतं ते कापूरहोळला. पुण्यातल्या लोकांना हौसेनं आणलेलं कुत्रं नकोसं झालं की ते गाडीत घालून हायवेला लागतात आणि कापूरहोळच्या ढाब्यापाशी किंवा पुढं भोरच्या रस्त्याला उतरवून निघून जातात. आमच्या भागात असं सोडलेलं चांगल्या जातीचं कुत्रं महिन्यातून एखादं तरी दिसायचं. एक लॅब्रॅडोर ढाब्यापुढं थांबणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. दार उघडून भलताच माणूस उतरला की मागं सरायचं. ढाबेवाल्यानं ते पुढं पाळलं. पण सगळीच कुत्री लॅब्रॅडोर नसतात आणि सगळीच रस्त्यावर सोडली जात नाहीत. काही गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या दारात सोडली जातात.

उत्रोलीचं कुत्रं असंच आलं होतं.

उत्रोलीत सोपानआबा म्हणून गृहस्थ आहेत. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर होते. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, एकुलता मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत. आबा गावाच्या कडेला, भातखाचरांच्या अंगाला बांधलेल्या घरात एकटे राहायचे. प्रशांतनं लग्नाआधी रॉटवायलर जातीचं पिल्लू घेतलं होतं. काळं, रुंद छातीचं, नाव ब्रुनो. त्याचं पुढं चांगलं पन्नास किलोचं धूड झालं. घरात बाळ आल्यावर ते आबांकडे आलं. आबा त्याला 'बुरणा' म्हणायचे. गावात त्याला नावानं हाक मारणारे ते एकटेच. बाकीचे 'आबाचं कुत्रं' एवढंच म्हणायचे आणि रस्त्याची पलीकडची कड धरायचे.

भाताची झोडणी चालली होती तेव्हाची गोष्ट. सिंधू नावाची चाळिशीतली बाई नवऱ्यासाठी, बाळूसाठी, भाकरी घेऊन खाचराकडे निघाली होती. वाट आबांच्या फाटकावरून जाते. कुत्र्यानं साखळीचा आकडा उपसला, फाटकाच्या खालची फळी मोडली आणि ते तिच्यावर गेलं. तिनं तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला. तो हात त्यानं कोपराखाली धरला आणि सोडला नाही. बाळू शंभर पावलांवर भात झोडत होता. तो धावत आला आणि हातातल्या दांडक्यानं त्यानं कुत्र्याच्या तोंडावर घाव घातले, तेव्हा कुठं सुटका झाली. कुत्रं मागं पळालं आणि आबांच्या न्हाणीघरात शिरलं. आबांनी बाहेरून कडी घातली.

ठाण्यात फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होते. भोरपासून उत्रोली जवळ, आम्ही लगेच पोचलो. सिंधूला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. आबांच्या अंगणात गाव लोटलं होतं. कोयते होते, कुऱ्हाडी होत्या, खोऱ्याचे दांडे होते. आबा न्हाणीघराच्या दारापुढं उकिडवे बसले होते, खाली मान घालून. बाळूच्या सदऱ्यावर बायकोचं रक्त होतं आणि सगळ्यांत पुढं तोच होता.

"मॅडम, बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुमच्यावर हात न्हाई उचलायचा आमाला. पर ह्ये कुत्रं आज जित्तं ऱ्हात न्हाई."

माझ्याबरोबर एक शिपाई होता. समोर पन्नास-साठ माणसं. अशा वेळी कायदा सांगून उपयोग नसतो, हे मी यात्रांमध्ये शिकले होते. गर्दीशी बोलायचं नाही. एका माणसाशी बोलायचं.

मी आबांच्या शेजारी, दाराला पाठ लावून उभी राहिले आणि विचारलं, "बाळू, सिंधूला दवाखान्यात कुणाबरोबर धाडलंस?"

"भावाबरोबर."

"तू का नाही गेलास?"

त्यानं न्हाणीघराच्या दाराकडे बोट केलं.

"हे कुत्रं पिसाळलेलं आहे का?"

"आता मला काय ठावं?"

"मलाही नाही. डॉक्टरलाही नाही, जखम बघून ते कळत नाही. सिंधूला सुया तर घ्यायच्याच आहेत, काही झालं तरी. पण हे कुत्रं डोळ्यांसमोर दहा दिवस धड जगलं, तर तिच्या अंगात ते विष गेलेलं नाही एवढं नक्की कळेल. आत्ता कुऱ्हाड घातलीस तर कळायची वाट बंद. मेंदू तपासायला पाठवावा म्हटलं, तर तू डोकं शाबूत ठेवणार आहेस का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोलीस कुत्र्याच्या बाजूनं हायेत."

"मी सिंधूच्या बाजूनं आहे," मी म्हणाले. आवाज चढवला नाही. "सिंधूसाठी हे कुत्रं दहा दिवस जगलं पाहिजे. त्याला कोण हात लावतं ते मी बघते."

बाळूनं दांडकं खाली टेकवलं. मग त्यानं मागं वळून लोकांना सांगितलं, "जावा घरी." आणि मला म्हणाला, "मॅडम, तुमचा शिपाई काय धा दिस हितं बसत न्हाई. म्याच राखतो."

असा बंदोबस्त लागला. कागदावर आमचा एक शिपाई दिवसा फेरी मारायचा, पण खरा पहारा बाळूचा होता. न्हाणीघराच्या लाकडी दाराऐवजी आम्ही जाळीचं दार बसवून घेतलं. सकाळी बायकोला दवाखान्यात भेटून तो आबांच्या अंगणात येऊन बसायचा, मांडीवर तेच दांडकं घेऊन, जाळीकडे तोंड करून. कुत्रं पाणी पितं का, अन्न खातं का, उजेडाला बिचकतं का, हे बघायला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी जाता-येता थांबायची. "प्यालं का?" "प्यालं." एवढंच बोलणं. आबा ओट्यावर बसलेले असायचे. दोघं एका अंगणात दिवस दिवस बसत, पण एकमेकांशी अक्षर बोलत नसत. आबांनी एकदा चहा आणून ठेवला. बाळूनं तो घेतला नाही. संध्याकाळी कप तसाच होता.

मी बघत होते की आबा कुत्र्याच्या जवळ जात नाहीत. भाकरीचं ताट ते लांब काठीनं जाळीखालून आत ढकलायचे. मला वाटलं, झाल्या प्रकारानं धसकले असतील.

चार-पाच दिवसांनी सकाळीच बाळूचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, कालच्यान् खात न्हाई. पाणीबी पीत न्हाई. तोंडातनं लाळ गळतीया."

मी जनावरांच्या डॉक्टरांना जीपमध्ये घेतलं आणि उत्रोलीला गेले. लाळ आणि पाणी न पिणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि इतक्या वर्षांत मलाही ठाऊक झालं होतं. सिंधूला सुया, सीरम सगळं मिळालं होतं, तिचे डॉक्टर निर्धास्त होते. तरी हाताची जखम खोल होती आणि मनाला पटवणं अवघड होतं.

अंगणात बाळू उभा होता, दांडकं बाजूला पडलेलं. कुत्रं कोपऱ्यात बसलेलं, जबडा लोंबता, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. आबा ओट्याच्या खांबाला धरून उभे होते. डॉक्टर हातमोजे चढवायला लागले तसे आबा एकदम खाली बसले. पडलेच म्हणा. मी धावले. त्यांना घाम फुटला होता.

"आबा, काय होतंय?"

त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कायम पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. दंडावर फडकं बांधलेलं होतं. ते सोडलं, तर खाली चार दातांच्या खुणा, कडेनं सुजलेल्या, मधे हळद भरलेली.

"कधी चावलं?"

"सिंधूच्या आदल्या दिशी."

"सुई घेतलीत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"कुणाला सांगितलंत?"

पुन्हा नाही.

बाळूनं ते ऐकलं. त्यानं दोन पावलं पुढं टाकली आणि मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला धरतो. पण तो थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आबांशी बोलला. "आदल्या दिशी चावलं हुतं. आन् तुमी त्येला नुसतं साखळीला बांधून ठिवलं."

आबांनी बाही खाली ओढली.

डॉक्टरांनी फासाच्या काठीनं कुत्र्याला जखडलं, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं जबडा उघडून बघितला. मग आम्हाला जवळ बोलावलं. खालचा एक सुळा मुळाशी तुटला होता आणि हिरडीत पू झाला होता. बाळूच्या दांडक्याचा घाव. दुखत होतं म्हणून खात नव्हतं, पाणीही लागत होतं म्हणून पीत नव्हतं.

"रोग नाही?" बाळूनं विचारलं.

"आत्ता तरी हे दाताचंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो. दिवस पुरे होऊ देत, मग छातीठोक सांगतो."

बाळू मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. त्याला कुणी हात लावला नाही.

मी आबांना जीपमध्ये घातलं. जखम आधी अंगणातल्या नळाखाली साबणानं धुतली, माझ्याच हातांनी, मग दवाखान्याकडे निघालो. उत्रोली मागं पडल्यावर मी विचारलं, "आबा, का लपवलंत?"

बाहेर बघत ते म्हणाले, "बाई, ही गेल्यापासनं पोरगं वर्साकाठी एकदा, गणपतीला यायचं. फोन केला की म्हणायचं, मीटिंगमधी हाय. कुत्रं हितं आणून ठिवलं आन् दर ऐतवारी यायाला लागलं. कुत्र्याला बघाया. येतंय, त्येला हिंडवतंय, जेवतंय, जातंय. मधल्या वारीबी मोबाईलवर फोन करतंय, म्हनतंय आबा, ब्रुनोला दाखवा. म्या मोबाईल धरतो कुत्र्याफुडं." पुढं म्हणाले, "मला त्या कुत्र्याचं लई भ्या वाटतं. पैल्या दिसापासनं. चावलं म्हनून सांगितलं असतं तर पोरगं घिऊन गेलं असतं त्येला."

मी पोलिसात होते. आबांनी जे सांगितलं त्याचा कायद्यातला अर्थ मला लगेच कळला: कुत्रं चावरं झालंय हे मालकाला आधीपासून माहीत होतं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. दवाखान्यात त्यांना पहिली सुई मिळाली, जखमेत सीरम भरलं. त्याच वॉर्डात सिंधू होती. आबा तिच्या खाटेकडे गेले नाहीत, दाराशीच थांबले, आणि तिनंही तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी कुत्रं पाणी प्यालं. बाळूनं फोन करून एवढंच सांगितलं, "प्यालं." ठरलेले दिवस संपले त्या सकाळीही फोन त्याचाच. "मॅडम, जित्तं हाय. शेपूट हलवतंय." सिंधूच्या आणि आबांच्या उरलेल्या सुया डॉक्टरांनी वेळेवर पुऱ्या करायला लावल्या, पण भीती गेली. गावातले दोघं-तिघं म्हणाले, आता काम झालं, आता मारायला हरकत नाही. बाळूच त्यांना म्हणाला, "मारायचं असतं तर पैल्या दिशीच मारलं असतं. आता हितनं न्या म्हनावं."

हितनं न्यायचं तर त्यालाही कायदा आहे. लोकांना वाटतं पोलीस उचलून नेतील. धोकादायक जनावराबद्दल आम्ही तहसीलदारांकडे अहवाल पाठवायचा, त्यांनी मालकाचं म्हणणं ऐकून हुकूम द्यायचा: बांधून ठेवा, हलवा किंवा आणखी काय ते. मी अहवालात 'हलवावे' असं सुचवलं आणि कुठं तेही लिहिलं. वेल्ह्यात पासलीला सैन्यातून निवृत्त झालेले एक नामदेव फौजी आहेत, सैन्याची कुत्री हाताळण्यात त्यांची नोकरी गेलेली. उंच जाळीचा वाडा, भोवती भाताची खाचरं, शेजारी घर नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, "धाडा. त्याला काम पायजे, एवढंच." हुकूम झाला, कुत्रं मुसकं घालून पासलीला गेलं. मध्यंतरी अशा जातींवरच बंदी आणायचं सरकारी परिपत्रक निघालं होतं, मग ते कोर्टकचेऱ्यांत अडकलं. माझ्या अनुभवानं सांगते, जातीपेक्षा कुत्रं कुणाच्या दारात बांधलंय, ते आधी बघावं.

राहिला गुन्हा. आबा पहिल्यापासून एकच सांगत होते, "कुत्रं माझं. पोराचा काय संबंध न्हाई." प्रशांत आला तेव्हा तोही तेच म्हणाला. चांगला शिकलेला, नीट बोलणारा मुलगा. "मॅडम, कुत्रं वडिलांच्या ताब्यात होतं. त्यांना सांभाळता आलं नाही, वय झालंय."

मी विचारलं, "पुण्यातून कुत्रं इकडं का आणलंत?"

"बाळ झालं म्हणून."

"तेवढंच?"

मी पुण्याला त्याच्या सोसायटीत जाऊन आले होते. त्या कुत्र्यानं तिथल्या वॉचमनच्या मांडीचा लचका तोडला होता. सोसायटीनं कुत्रं हलवायला सांगितलं, म्हणून ते उत्रोलीला आलं. वडिलांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"वॉचमनला चावलं, हे आबांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "नाही."

मी दोघांनाही आरोपी केलं. यावरून आबा माझ्यावर भयंकर चिडले. ठाण्याच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, पोराची नोकरी जाईल. माझं एकट्याचं नाव ठिवा, तुमाला काय फरक पडतोय?" मी म्हणाले, "आबा, फरक मला नाही, सिंधूला पडतो. चावणारं कुत्रं तुमच्या दारात कुणी आणून बांधलं, हे तिला कळलं पाहिजे." त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. कुत्रं पासलीला गेलं होतं आणि रविवारी त्यांच्या अंगणात कुणी येत नव्हतं, हे उत्रोलीतले लोक मला सांगत. मला ते लागायचं. पण दोषारोपपत्रातलं प्रशांतचं नाव मी काढलं नाही आणि आजही काढणार नाही.

सिंधूचा हात वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नीट मिटत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात मी तिला लावणीत बघितलं. भातरोपांची मूठ डाव्या हातात आणि रोप लावायचं काम उजव्या हाताच्या तीन बोटांवर. बाकीच्या बायका ओळीनं पुढं गेल्या होत्या, ती मागं राहिली होती. अशा वेळी आपल्या कलमाची लांबी किती, ते कळतं.

केस भोरच्या कोर्टात उभी राहिली तेव्हा माझी निवृत्ती तोंडावर आली होती. प्रशांतनं वकील दिला होता. वकिलाचा सल्ला सरळ होता: गुन्हा नाकबूल म्हणायचं, तारखा पडतील, साक्षीदार कंटाळतील. वकील म्हणून त्यांचं काही चुकलं नव्हतं. बापलेक कोर्टात वेगवेगळे आले, आबा एसटीनं, प्रशांत गाडीनं. बाकावर दोघांच्या मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा होती. सिंधू आणि बाळू साक्षीसाठी मागं बसले होते.

पुकारा झाला. दोघं पुढं जाऊन उभे राहिले. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी दोषारोप वाचून दाखवला आणि आधी आबांना विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

वकील आबांकडे बघत होता. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"व्हय साहेब, कबूल हाय."

वकील पुढं झाला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं आणि आबांना म्हणाल्या, "कबूल म्हणजे काय ते समजतंय ना? शिक्षा होऊ शकते."

"समजतंय. कुत्रं आदल्या दिशी मलाबी चावलं हुतं. मला म्हाईत हुतं ते कसं हाय. म्या फाटक नीट केलं न्हाई, कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ह्या बाईचा हात धड ऱ्हायला असता."

प्रशांतला हे ठाऊक नव्हतं. वडिलांना कुत्रं चावलं, हे त्याला कोर्टात कळलं. तो त्यांच्या हाताकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं तेव्हा त्याला प्रश्न ऐकू गेला नसावा, त्यांनी पुन्हा विचारलं.

"कबूल आहे," तो म्हणाला. मग आणखी काहीतरी सांगायचं असावं, पण एवढंच म्हणाला, "मला आधीपासून माहीत होतं. पुण्यातच."

न्यायाधीशांनी दोघांना दंड केला, त्यातून सिंधूला भरपाई द्यायला सांगितली आणि दोघांना कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं, पण ही खरीखुरी शिक्षा आहे. कोर्टाचं दिवसभराचं कामकाज संपेपर्यंत आरोपीनं तिथंच बसून राहायचं. लक्ष ठेवायला पोलीस लागतो. त्या दिवशी ती मी होते.

सिंधू जायला निघाली तेव्हा बाकापाशी थांबली. आबा उभे राहिले. तिनं हात पुढं करून दाखवला. "आबा, ही दोन बोटं अजून मिटत न्हाईत," ती म्हणाली. रागानं नाही, जे आहे ते सांगितल्यासारखं. आबांनी हात जोडले. ती बाळूच्या मागोमाग निघून गेली. तिनं माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं ती म्हणाली नाही.

दुपारभर दुसऱ्यांच्या केसेस चालल्या. बांधाचे तंटे, धनादेश न वटल्याचे खटले, एक दारूची केस. बापलेक बाकावर बसून होते. पहिला तासभर कुणी बोललं नाही. मग प्रशांत मधली जागा ओलांडून सरकला आणि हळूच म्हणाला, "हात दाखवा."

आबांनी बाही वर केली. प्रशांतनं खुणांवरून बोट फिरवलं. "दुखतं?"

"आता न्हाई."

"मला सांगायचं ना."

आबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तू आला नसतास."

प्रशांतनं खिशातून मोबाईल काढला, बघितला आणि बंद करून परत ठेवला. पुढं त्यांचं काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मधे एकदा प्रशांतच्या आईचा, एकदा कुठल्यातरी घाटात गाडी बंद पडल्याचा उल्लेख कानावर आला. आबा सांगत होते, तो विचारत होता.

संध्याकाळी न्यायाधीश उठल्या. लोक बाहेर पडले, पंखे बंद झाले. कोर्टाचा शिपाई खिडक्या लावत लावत माझ्याकडे आला.

"मॅडम, कोर्ट उठलं. त्या दोघांना सांगा की जायला."

मी बाकाकडे बघितलं. आबा हातवारे करून काहीतरी समजावत होते आणि प्रशांत गुडघ्यावर कोपरं टेकून ऐकत होता.

"तुझ्या बाकीच्या खिडक्या लाव आधी," मी म्हणाले.